लेकरांच्या विनंत्या, भाग दुसरा

“मथुराबाई शेळके इथंच राहतात ना?”

ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या बाईनं मान वर केली. तिनं आधी माझ्या खांद्यावरची पिशवी पाहिली, मग माझ्याकडं.

“कुठून आलात?”

“नगरहून. शाळेत मास्तर आहे मी.”

मास्तर म्हटल्यावर तिचा चेहरा सैलावला. “बसा ना गुरुजी. सासूबाई माझ्या. मागं गवऱ्या थापत्यात, बोलावते.” तिनं पदराला हात पुसले आणि आत वळून हाक मारली, “सारे, आज्जीला सांग, नगरचे गुरुजी आलेत.”

सहाएक वर्षांची एक मुलगी घरातून धावत मागच्या दारी गेली. मी ओट्यावर अंथरलेल्या पोत्यावर बसलो. पिशवीतलं पुस्तक मी रुमालात गुंडाळून आणलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलं की शाई लागते.

ही १९९१ च्या डिसेंबरातली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. शेवगावच्या पुढं, एवढं पुरे.

मी देवदत्त अमोलिक. तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो, नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि मला एक वेड होतं. लहान मुलांसाठी छापलेली जुनी ख्रिस्ती प्रार्थनांची आणि गीतांची पुस्तकं मी जमवायचो. तळहाताएवढी, बत्तीस-चाळीस पानांची पुस्तकं. रविवारच्या शब्बाथ शाळेत बक्षीस म्हणून दिलेली, बोर्डिंगच्या मुलामुलींनी उशाखाली ठेवून चुरगाळलेली. पाळकांच्या विधवांच्या ट्रंका, बंद पडलेल्या चर्चांची कपाटं, रद्दीची दुकानं, कुठं हात घालायचा मी बाकी ठेवला नव्हता. माझ्याकडं तेव्हा एकशे सव्वीस पुस्तकं होती. कसर लागलेली मी स्वतः साफ करायचो, सुटलेली पानं खळीनं चिकटवायचो. बायको म्हणायची, पोरांच्या अंगावरून एवढा हात फिरवला असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षी श्रीरामपूरच्या एका रद्दीवाल्याकडं मला ‘लेकरांच्या विनंत्या, भाग पहिला’ मिळालं. पुठ्ठ्यावर पिल्लांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीचं चित्र. आत, पहिल्या पानावर, टाकानं काढलेली मोठी मोठी अक्षरं: मार्था भिकाजी ओहोळ, इयत्ता तिसरी. खाली नगरच्या मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगचा शिक्का. भाग दुसरा मी कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. तो छापला गेला होता की नाही याचीच मला शंका होती.

माझ्या ओळखीत त्या बोर्डिंगमध्ये शिकलेलं एकच माणूस उरलं होतं, लिडियामावशी साळवे. मिशनच्या दवाखान्यातून नर्स म्हणून नुकत्याच निवृत्त झालेल्या. मी पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. नाव वाचून त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“मार्था माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं दोन्ही भाग होते. पहिला तिनं कुणाला तरी दिला. दुसरा जाताना घेऊन गेली.”

“जाताना म्हणजे कुठं?”

“लग्न करून गेली.”

“हयात आहेत?”

मी तीन वेळा त्यांच्याकडं गेलो, तेव्हा कुठं गावाचं नाव मिळालं, आणि मथुराबाई शेळके हे नाव मिळालं. वर एक ताकीद.

“एकटीला गाठ. घरच्यांसमोर पुस्तक काढू नको. आणि मार्था म्हणून हाक मारू नको.”

“का?”

“तुला पुस्तक पाहिजे ना? मग एवढं ऐक.”

मी हो म्हणालो.

मथुराबाई मागच्या दारानं हात धुवून आल्या. उंच, काटक बाई. कपाळावर कुंकवाच्या जागी रुपयाएवढं पुसट गोंदण, नवरा गेलेला. त्यांनी माझ्याकडं पाहून हात जोडले आणि भिंतीला टेकून बसल्या. सून पुन्हा शेंगांकडं वळली. ती तिथून उठेल असं मला वाटलं होतं. ती उठेना.

मी इकडचं तिकडचं बोललो. पाऊस कसा झाला, ज्वारी कशी आहे. मुलगा अंकुश खताचं दुकान चालवतो, थोरल्या नातीचं, कल्पनाचं, लग्न ठरलंय, फेब्रुवारीत आहे, हे मला सुनेनं सांगितलं. चहा झाला. तीनची एसटी गेली तर पुढची साडेपाचला होती. मी घड्याळ पाहत होतो, आणि घरात कुठल्या तरी ट्रंकेत भाग दुसरा आहे हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

मी रुमाल सोडला.

“हे तुमचं आहे का, बघा बरं,” मी म्हणालो आणि पुस्तक त्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी ते हातात घेतलं नाही. कोंबडीच्या चित्राकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“मला वाचाया येत नाही, भाऊ.”

“यात नाव आहे. मार्था ओहोळ. मला नगरात कळलं की त्या म्हणजे...”

“कुणीतरी चुकीचं सांगितलं तुम्हाला,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी खानदेशातली. मला कुणी नाही.”

तिथंच थांबायला हवं होतं. बाई थरथरली नाही, रागावली नाही. सुनेनंही अजून काही मनावर घेतलेलं नव्हतं. गुरुजी चुकीच्या घरी आले, एवढंच झालं असतं. पण मला वाटलं, वयामुळं विसरल्या असतील, एखादी ओळ कानावर पडली की आठवेल. वर्गात मी मोठ्यानं वाचतो तसं मी पान उघडून वाचलं.

“मी निजते रे, तू जागा राहा,
दूर माझी आई, तिला तू पाहा...”

“ही तर आज्जीची अंगाई,” सारिका म्हणाली. ती उंबऱ्यावर बसली होती. तिनं पुढच्या दोन ओळी चालीवर म्हणून दाखवल्या. माझ्या हातातल्या पानावर जशा होत्या तशाच, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

मथुराबाई उठल्या. “भाऊ, तुमची एसटी जाईल,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

सून, वैजयंता तिचं नाव, मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिच्या चालण्यात घाई नव्हती. वडाच्या पारापाशी येऊन तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “कसलं पुस्तक आहे म्हणायचं ते?”

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“नाही, याचं दुसरं पुस्तक घरात असंल तर मी शोधून ठेवीन. सासूबाईंच्या ट्रंकेत तळाला एक बोचकं आहे. कुणाला हात लावू देत नाहीत.”

आणि मी सांगितलं. मिशनच्या बोर्डिंगचं पुस्तक आहे, मुलींच्या. मार्था नावाची मुलगी तिथं होती, पुढं दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. तिथं पाय मोडून एक शेळके दाखल झाले होते, त्यांच्याबरोबर तिनं लग्न केलं. लिडियामावशींनी मला विश्वासानं सांगितलेलं सगळं मी पारापाशी उभं राहून सांगून टाकलं. वैजयंता मान हलवत होती. शेवटी म्हणाली, “ओहोळ ना आडनाव?”

“हो.”

“बरं. सापडलं तर कळवते.”

एसटीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. खोटं कशाला बोलू, मी खुशीत होतो.

तीन आठवड्यांनी, मधल्या सुट्टीत, शिपाई सांगत आला की तुम्हाला कुणी भेटायला आलंय. फाटकाशी एक माणूस मोटारसायकलला टेकून उभा होता. माझ्याच वयाचा.

“मी अंकुश शेळके,” तो म्हणाला. त्यानं शर्टाच्या आतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. “हे घ्या. घरात नको.”

मी कागद सोडला. तीच कोंबडी, तोच पुठ्ठा, फक्त रंग हिरवा. भाग दुसरा. आणि मी काय केलं, तर शेवटचं पान उलटून पाहिलं, पुस्तक पूर्ण आहे का ते. तो माझ्याकडं पाहतोय हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

“आई कशी आहे, असं विचाराल वाटलं होतं,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. मी गेल्यावर दोन दिवसांनी मथुराबाई दळणाला गेल्या असताना वैजयंतानं ट्रंक उघडली. पुस्तकात आतल्या बाजूला नाव होतं. तिनं तिच्या भावाला बोलावून घेतलं. भाऊ म्हणाला, म्हातारीचा धर्म राहू दे बाजूला, आडनाव बघ. आता तुमच्या पोरीला कोण करील? कल्पनाच्या सासरी अजून कळलं नव्हतं. कळायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. तेव्हापासून मथुराबाई मळ्यातल्या खोलीत होत्या. गावात सांगितलं, राखणीला गेल्यात. भाकरी इकडून जायची. ताट त्यांचं वेगळं केलं होतं. सारिकाला तिकडं जायची बंदी होती.

“तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“मी काय म्हणणार? आईला विचारलं मी, मळ्यात. ती म्हणाली, खरंय सगळं. तुझ्या बापाला ठाऊक होतं, म्हणाली, त्यानंच मथुरा नाव ठेवलं. वैजयंताला हे सांगितलं नाही मी.” त्यानं मोटारसायकलच्या हँडलवरची धूळ बोटानं पुसली. “चाळीस वर्षं त्या बाईनं आमच्या घरात एकादस मोडली नाही. तुमचं काय अडलं होतं, गुरुजी?”

लिडियामावशींनी मला कारण सांगितलं नव्हतं हे खरं आहे. पण कारण मला माहीत नव्हतं हे खोटं आहे. आमच्या समाजात जन्मलेल्या माणसाला, आडनाव उच्चारलं की समोरच्याला कुठली वस्ती दिसते, हे कुणी शिकवावं लागत नाही. मी स्वतः भाड्याची खोली शोधताना दोनदा आडनाव गिळलं होतं. एवढं असून पारापाशी मी ‘हो’ म्हणालो होतो, कारण बोचकं ट्रंकेच्या तळाला होतं.

संध्याकाळी मी लिडियामावशींकडं जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “उद्या रविवार. पहिली एसटी कितीची?”

मळ्यातली खोली गोठ्याला लागून होती. मथुराबाई बाहेर उन्हात बसून गोधडीला टाके घालत होत्या. आम्हाला बांधावरून येताना त्यांनी पाहिलं आणि सुई गोधडीत टोचून ठेवली.

“मार्थे,” लिडियामावशी म्हणाल्या.

“हळू बोल. गडी आहे विहिरीवर.”

चाळीस वर्षांनी भेटलेल्या दोघींचं एवढंच झालं. मग लिडियामावशी त्यांच्याजवळ मातीतच बसल्या आणि त्यांचा हात हातात धरून बसून राहिल्या. मी उभा होतो. कुणी मला बस म्हटलं नाही.

“मी चुकलो,” मी म्हणालो.

मथुराबाईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

“माझ्याबरोबर चल,” लिडियामावशी म्हणाल्या. “दोन खोल्या आहेत, मी एकटी आहे. तुझं माझं होईल.”

“मी आले तर झालंच की सगळं खरं. कल्पीचं लग्न मोडलं मग. आन् सारी? तिचं बारा वर्षांनी मोडंल.” त्यांची भाषा मधेच नगरची, बोर्डिंगची व्हायची आणि परत गावाकडं वळायची. “अंकुश रोज संध्याकाळी येतो गं. बोलत नाही. बसतो आन् जातो.”

“मग इथंच मरायचं ठरवलंयस, गुरांपाशी?”

मथुराबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “तुम्ही मार्थाला हुडकायला आला होता ना? मग घरी जाऊन सांगा, ती मेलेली निघाली.”

मला आधी समजलं नाही.

“मार्था वेगळी, मी वेगळी. मी दवाखान्यात आया होते. ती मेली, तिचं पुस्तक मला दिलं. एवढं सांगा. माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही मास्तर आहात, तुमचं ऐकतील. तुम्हीच सांगितलं होतं, तुम्हीच खोडा.”

“मी खोटं बोलणार नाही, मार्था,” लिडियामावशी म्हणाल्या. “जिवंत माणसाला मेलं म्हणायचं?”

“तू नको बोलू. तू नुसती बस.”

मळ्यापासून घरापर्यंत पंधरा मिनिटांची वाट. मथुराबाई आमच्याबरोबर आल्या नाहीत. लिडियामावशी माझ्या दहा पावलं पुढं चालत होत्या. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो.

अंकुश घरी होता. वैजयंतानं आम्हाला पाहून दार पुढं ओढलं, आणि मग आत घेतलं, कारण ओट्यावर आम्ही दिसलो असतो.

मी सांगायला सुरुवात केली. चौकशीत माझी चूक झाली, मार्था ओहोळ आणि मथुराबाई या दोन वेगळ्या बाया, मार्था फार पूर्वीच वारल्या, दवाखान्याच्या जुन्या नोंदीत मिळालं.

वैजयंता माझं तोंड बघत होती. “कशानं मेली?”

मी हे ठरवलं नव्हतं. मी लिडियामावशींकडं पाहिलंसुद्धा नाही, पाहायचं धाडस नव्हतं.

“टायफॉइडनं,” लिडियामावशी म्हणाल्या.

त्या भिंतीशी बसल्या होत्या. हात मांडीवर, पाठ ताठ, उपासनेला बसतात तशा.

“बारा दिवस होती वॉर्डात. मी नर्स होते तिथं. एकोणीस वर्षांची होती. केस फार लांब होते तिचे, तापात ते कापावे लागले. शेवटी कुणाला ओळखत नव्हती. आईला हाका मारायची. आई तिची आधीच गेलेली.” त्या थांबल्या. “मथुरा तेव्हा आमच्याकडं आया होती. तिनं तिचं सगळं केलं, सख्ख्या बहिणीसारखं. म्हणून ते पुस्तक आम्ही मथुराला दिलं.”

“आन् गाणं?”

“आम्ही नर्सा म्हणायचो. आयांना ऐकून पाठ झालं होतं.”

“मग आधी का नाही सांगितलं त्यांनी?”

“तू ऐकलं असतंस का, बाई?”

मला वैजयंताचा राग यायला हवा होता, पण ती बाई मनापासून घाबरलेली होती आणि कुणीतरी भीतीतून बाहेर काढावं याची वाट पाहत होती. तिची तिन्ही बाळंतपणं मथुराबाईंनी केली होती, तिसरं पोर जगलं नाही तेव्हा महिनाभर तिच्या उशाशी बसल्या होत्या, हे मला अंकुशनं नंतर सांगितलं.

“ऐकलंस?” अंकुश म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. “आता सांग तुझ्या भावाला. ते पुस्तक मी गुरुजींना देऊन टाकलंय. घरात काही नाही.”

वैजयंतानं पदरानं डोळे पुसले. मग पायात चपला घातल्या आणि म्हणाली, “मी आणते त्यांना.” सारिका तिच्या मागं पळाली. तिनं तिला माघारी पाठवलं नाही.

आम्ही एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलो. लिडियामावशी माझ्यापासून जरा लांब, दगडावर. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाल्या, “आता नको, देवदत्त.” त्यानंतर दोन महिने त्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उठल्या नाहीत. सगळे पुढं जायचे आणि त्या बाकावर मान खाली घालून बसून राहायच्या. पाळकांनी विचारलं तेव्हा गुडघे दुखतात म्हणाल्या.

कल्पनाचं लग्न ठरल्या दिवशी झालं. मथुराबाई त्या घरात आणखी नऊ वर्षं जगल्या. मी त्यांना पुन्हा भेटलो नाही. लिडियामावशीही भेटल्या नाहीत, भेटायला जाण्यासारखं आम्ही काही शिल्लक ठेवलं नव्हतं. एकदा बाजारात अंकुश भेटला तेव्हा म्हणाला, तब्येत चांगली आहे, पण आता गात नाही काही.

त्या रविवारी एसटी यायच्या जरा आधी तो मोटारसायकलवरून थांब्यावर आला होता. गाडी लांब उभी करून चालत माझ्यापाशी आला. इकडंतिकडं पाहिलं. थांब्यावर आम्ही तिघंच होतो.

“गुरुजी, त्या पुस्तकात सगळं आहे का लिहिलेलं? आईच्या घरचं?”

“सगळं नाही. शेवटच्या पानावर थोडं आहे. पेन्सिलीनं.”

“आजीचं नाव आहे?”

“आहे. भागूबाई.”

“भागूबाई,” तो म्हणाला. त्यानं पुन्हा एकदा, ओठातल्या ओठात, ते नाव म्हटलं. धुरळा दिसायला लागला होता. एसटी येऊन उभी राहिली, त्यानं लिडियामावशींना हात धरून वर चढवलं आणि दार लागेपर्यंत तो तिथंच उभा होता.